बोळाकडलं दार

कोल्हापूर, ८ जून २०२५

आप्पा,

नमस्कार. फोन केला की तुम्ही तो आईच्या हातात देता आणि गोठ्याकडं निघता, असं आईच सांगते. म्हणून पत्र लिहिते. वाचायचं नसेल तर आईला मोठ्यानं वाचायला सांगा आणि तुम्ही पेपर तोंडापुढं धरून बसा. ऐकू तर येईल.

भांडण कशावरून झालं ते आपल्या दोघांना ठाऊक आहे. आईला मात्र तुम्ही निम्मंच सांगितलंय, म्हणून तिच्यासाठी पुन्हा लिहिते. मुरगूडच्या पतसंस्थेत तुम्ही माझ्यासाठी शब्द टाकला होता. चेअरमन ओळखीचे, जागा रिकामी, मी सोमवारी जाऊन फक्त रुजू व्हायचं होतं. मी गेले नाही. तुम्ही म्हणालात, ‘चार माणसांत माझा शब्द पाडलास.’ मी म्हणाले, ‘मला न विचारता टाकलेला शब्द माझा कसा?’ मग तुम्ही म्हणालात, ‘पाच वर्सं रशियन शिकलीस न्हवं? आता म्हसरांसंगं बोल रशियनमदनं.’ मी बॅग भरली. दोघांचीही डोकी एकाच भट्टीत तापलेली, दुसरं काय होणार होतं?

तर आता माझी खुशाली. राजारामपुरीत माझी मैत्रीण तेजस्वी हिच्या खोलीत राहते. दोन घरी इंग्रजीच्या शिकवण्या घेते, जेवणाचं भागतं. नोकरी अजून नाही. हे तुम्हाला दुसरीकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.

शोधली नाही असं मात्र म्हणू नका. पुण्याच्या कंपन्यांना जर्मन हवं, जपानी हवं. रशियन म्हटलं की समोरचा असा बघतो, जणू मी पोस्टात तार करायला आलेय. शिरोलीत एका फौंड्रीत गेले, त्यांचा माल जर्मनीला जातो, रशियाला नाही. गोव्यातल्या एका हॉटेलनं बोलावलं. रशियन पाहुण्यांशी बोलणारी मुलगी हवी होती. माझं रशियन ऐकून मॅनेजर खूश झाला आणि पोहण्याच्या तलावाजवळ ग्लासांचा ट्रे घेऊन उभं राहायला सांगितलं. मी म्हटलं, ट्रे धरायला भाषा कशाला लागते? तशीच गाडी पकडून परत आले.

इथं एक एजंट आहे. पोरांना डॉक्टर करायला किर्गिझस्तानला पाठवतो. तिथं लागले होते, एक दिवस. पालकांचा फोन आला की मी शेजारच्या खोलीत जाऊन बोलायचं आणि तिकडच्या कॉलेजातल्या मॅडम बोलतायत असं भासवायचं. जेवणाच्या सुट्टीत बाहेर पडले ती पुन्हा त्या जिन्याची पायरी चढले नाही. घरबसल्या भाषांतराचं कामही आता उरलं नाही. भाषांतर मशीन करतं, आपण त्याच्या मागं झाडू घेऊन फिरायचं.

तेव्हा सध्या अशी गत आहे. पण एक सांगून ठेवते, या भाषेवर मी भाकरी मिळवीन आणि ताठ मानेनं मिळवीन. त्याआधी घरी येऊन ‘चुकलं’ म्हणणार नाही. हा हट्ट कुणाकडून आला ते आईला विचारा.

क्रांती


कोल्हापूर, २ ऑगस्ट २०२५

आप्पा,

नमस्कार. नोकरी लागली! दुभाषी म्हणून. रशियन भाषेची दुभाषी. आईला म्हणावं, हे वाक्य दोनदा वाच.

एका जुन्या संस्थेत लागलेय. परदेशातून एक शिक्षक आलेत, वर्षभर राहणार आहेत. त्यांना रशियन येतं आणि मुलांना कोल्हापुरी. मधे मी. ते बोलतात ते मी मराठीत सांगायचं, मुलं विचारतात ते रशियनमध्ये. पहिले दोन महिने कच्चे धरलेत, मग वर्षाचं पक्कं करणार म्हणतात. वर्षाचं पक्कं होणं हेच आता माझ्या डोक्यात आहे, दुसरं काही नाही.

संस्था फार शिस्तीची आहे. भल्या पहाटे भरते. मोठमोठी माणसं आहेत, म्हणजे अंगापिंडानंही मोठी. जागा हवेशीर आहे. पाऊस लागला की थोडी पंचाईत होते, पण नवी छत्री घेतलीय. लहानपणी माझा आवाज ऐकून तुम्ही म्हणायचात, ‘ही पोरगी न्हाय, गावचा भोंगा हाय.’ तोच आवाज इथं उपयोगाला आलाय. हळू बोलणाऱ्या माणसाचं हे कामच नाही.

पहिल्या दिवशी शिक्षकांनी मला विचारलं, तू माझं बोलणं नेमकं सांगशील ना? मी म्हटलं, जसंच्या तसं. ते म्हणाले, मी रागावलो तर? मी म्हटलं, तर मीही तेवढीच रागावून सांगेन. ते इतके हसले की त्यांचे सोन्याचे दात दिसले.

संस्थेचं नाव, पत्ता सध्या विचारू नका. वाईट काही नाही. आईची शपथ.

काल खोलीवर येताना गंगावेशीत थांबून दूध प्याले, स्वतःच्या कमाईचं. मशीन जे करू शकत नाही ते मी करते, आप्पा. रस्त्यातून चालताना मला एकटीलाच हसू येत होतं.

क्रांती


कोल्हापूर, १९ ऑगस्ट २०२५

आप्पा,

आईनं सांगितलं. बाजारात तुमच्या एका जुन्या जोडीदारानं तुम्हाला गाठलं आणि विचारलं, ‘हंबीरा, तुजी पोरगी तालमीच्या मागल्या बोळात हुबी ऱ्हाऊन आरडत असती म्हनं. खरं का?’ आणि तुम्ही भाजीची पिशवी तिथंच टाकून घरी आलात.

खरं आहे. ती संस्था म्हणजे तालीम आणि तालीम तुमचीच. तरुणपणी ज्या मातीत तुम्ही अंग घासलंत, जिच्या गणपतराव वस्तादांचं नाव घेताना आजही तुमचा हात कानाच्या पाळीला जातो, तीच. बाईमाणसानं तिच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं नाही, हा कायदाही मी तुमच्याच तोंडून ऐकलेला. म्हणून पत्ता लिहिला नाही. तुम्ही त्याच रात्री वस्तादांना फोन करून मला काढायला लावलं असतंत. आता बातमी फुटलीच आहे, तर पुरती ऐका.

तालमीचे अध्यक्ष विजयसिंहसाहेब, तेच फौंड्रीवाले. आपली पोरं मातीत भारी आणि मॅटवर मार खातात हे त्यांच्या जिव्हारी लागलेलं. म्हणून त्यांनी किर्गिझस्तानहून बाकितसाहेबांना, म्हणजे मी लिहिलेल्या त्या शिक्षकांना, आणलं. सुरुवातीला मोबाईलवर भागवत होते. साहेब म्हणाले, पाय सोडू नकोस, आत खेच. मोबाईल म्हणाला, ‘कृपया पायाला सुट्टी देऊ नका, घरात या.’ पोरं मॅटवर लोळून हसली. ही गोष्ट आमच्या विद्यापीठातल्या सरांच्या कानावर गेली आणि त्यांनी मला पाठवलं.

मी गेले तेव्हा दाराबाहेरच्या कट्ट्यावर वस्ताद बसले होते.

‘कुनाची गं तू?’

‘मुरगूडच्या हंबीरराव चौगुल्यांची.’

‘हंबीराची? आन् रशियन बोलतीस?’

‘व्हय.’

‘बा ला ठावं हाय, हितं आलीस त्ये?’

‘न्हाय.’

वस्तादांनी काठी मागच्या बोळाकडं केली. मग म्हणाले, ‘हुबी ऱ्हा. पर भाईर.’

तुमच्या वेळचा कुस्तीचा हौदा पुढं तसाच आहे, तीच तांबडी माती. त्याच्या मागं आता पत्र्याचं सभागृह बांधून मॅट टाकलंय. तिथं जायचं तर पुढचा उंबरा ओलांडून हौद्याच्या कडेनंच जावं लागतं. म्हणून माझी सोय मागच्या बोळात. मॅटच्या भिंतीला एक खिडकी आहे, गज लावलेली. साहेब आतून ओरडतात, मी बाहेरून गज धरून मराठीत ओरडते. पहिल्याच दिवशी साहेब राजवीरवर खेकसले. राजवीर म्हणजे सध्याचा तालमीचा सगळ्यांत तगडा गडी. मी खिडकीतून म्हटलं, ‘राजवीर, पट काढताना डोकं बाहेर ठेवू नकोस, बरगडीला चिकटव, आणि हात मागं बांध!’ राजवीरनं लगेच डोकं आत घेतलं. वस्ताद कुणाला तरी म्हणाले, ‘हिला डाव कळत्यात गा.’

का कळणार नाहीत? ओसरीवर तुमची मित्रमंडळी बसली की चहा होईस्तोवर जगातल्या सगळ्या कुस्त्या पुन्हा व्हायच्या. मी दप्तर उघडून शेजारी बसलेली असायची. पट, ढाक, कलाजंग हे डाव रशियन शब्दकोशात नाहीत. ते मी तुमच्याकडून शिकले आणि रशियन विद्यापीठात. दोन्ही येणारं माणूस अख्ख्या जिल्ह्यात मी एकटी आहे. हे मी फुशारकीनं लिहितेय, होय.

बोळात समोर बनाबाई राहतात. पहिल्या दिवशी त्या हातात लाटणं घेऊन बाहेर आल्या. ‘अगं पोरी, भित्तीसंगं कशाला भांडतीयास? कुनी फसिवलं का तुला?’ समजावून सांगितलं तेव्हा लाटणं खाली आलं. आता त्यांनीच मला बसायला स्टूल दिलंय, पाऊस आला की चहाही येतो. मी साहेबांचं काही सांगितलं की त्या घरातून विचारतात, ‘काय म्हनला गं?’ अशी मी एकाच वेळी मॅटवर आणि बनाबाईंच्या स्वयंपाकघरात भाषांतर करते.

तेजस्वी विचारते, असं बोळात उभं राहायचा अपमान वाटत नाही का? वाटतो. रोज वाटतो. ज्यांना माझ्यावाचून एक वाक्य कळत नाही ते आत आणि मी गटारीच्या कडेला. पण काम सोडून आले तर उद्या सगळे म्हणतील, बघा, बाईमाणसाला जमलं नाही. म्हणून उभी आहे. तुम्हाला वस्तादांपुढं मान खाली घालावी लागेल असं काही मी केलेलं नाही. तुम्हाला तसं वाटत असेल तर त्यांनाच विचारा.

क्रांती


कोल्हापूर, २८ सप्टेंबर २०२५

आप्पा,

नोकरी गेली होती. परत आली. मधे काय घडलं ते बाजारातून उलटसुलट ऐकण्याआधी माझ्याकडून ऐका.

गेल्या आठवड्यात राजवीर पुढं हौद्यात मेहनत करत होता. बाकितसाहेब मॅटवरून निघाले होते, त्यांनी बघितलं की त्याचा मागचा पाय चुकतोय. शिकवायची त्या माणसाला इतकी खाज, की ते तसेच खाली उतरले. पायात मॅटवरचे बूट. तेल, ताक, हळद, कापूर घालून मळलेल्या मातीत, आप्पा, बूट घालून! आत काय झालं असेल ते तुमच्याइतकं कुणाला कळणार? मी खिडकीबाहेर. मला तिथून हौदा दिसत नाही. मला फक्त एकदम गलका ऐकू आला आणि मग वस्तादांचा आवाज.

सगळे खिडकीपाशी आले, कारण भांडायचं म्हटलं तरी मधे मीच हवी.

वस्ताद म्हणाले, ‘सांग त्येला. माज्या बा नं बी ह्या मातीत कवा चप्पल घातली न्हाय. ह्यो जनावरावानी उतरला.’

मी सांगितलं. जनावरासकट.

साहेबांचा चेहरा पांढरा झाला. ते म्हणाले, ‘मी पाहुणा आहे. पाहुण्याला घराची रीत घरच्यांनी सांगायची असते. जिनं मला सांगायचं तिला यांनी गल्लीत उभं केलंय. आंधळा मी नाही, आंधळा हा म्हातारा आहे.’

विजयसिंहसाहेब माझ्या कानाशी आले, गजांमधून हळूच म्हणाले, ‘क्रांती, ह्ये जरा गोड करून सांग की. वस्तादास्नी न्हाय झेपायचं.’

मी म्हटलं, ‘गोड करायचं असंल तर हलवाई बघा, साहेब. मी दुभाषी हाय.’ आणि सांगितलं. आंधळ्या म्हाताऱ्यासकट.

आजवर वस्तादांना असं कुणी बोललेलं नव्हतं आणि ते बोलणं माझ्या तोंडातून गेलं होतं, हंबीरच्या पोरीच्या. मग वस्ताद माझ्याकडं वळले. ‘सांग त्येला, बाईमानूस ह्या उंबऱ्याच्या आत येत न्हाय. ही हंबीराची हाय म्हनून खिडकीत तरी हुबी केलीया.’ स्वतःला बाहेर ठेवण्याचं कारण मी स्वतःच रशियनमध्ये सांगितलं. आवाज कापू दिला नाही. साहेब म्हणाले, ‘ती माझ्या शेजारी उभी राहील, नाहीतर मी घरी जाईन.’ तेही सांगितलं. वस्ताद पाठ फिरवून हौद्याकडं गेले.

विजयसिंहसाहेबांनी मला तिथंच सांगितलं, उद्यापासून येऊ नकोस. जोडायला ठेवली होती, तोडून बसलीस. बनाबाई मागून ओरडल्या, ‘तिनं काय केलं गा? जे बोलला त्ये सांगटलं!’ पण मी छत्री घेतली आणि निघाले. खोलीवर येऊन रडले, हे तुमच्यापासून लपवत नाही. पण पुन्हा ती वेळ आली तर जसंच्या तसंच सांगितलं असतं, हेही लपवत नाही.

पुढचे काही दिवस साहेबांनी खोलीतून बाहेर पाऊल टाकलं नाही. मोबाईल दाखवला तर त्यांनी तो उशीखाली घातला. आणि काल वस्तादांचा निरोप आला, बोळात ये. गेले. वस्ताद पहिल्यांदाच बोळात आलेले, बनाबाईंनी मला दिलेल्या स्टुलावर बसलेले. पलीकडं बाकितसाहेब आणि विजयसिंहसाहेब, दोघंही हिरमुसले होऊन उभे.

वस्ताद म्हणाले, ‘काय गं, त्यानं मला आंधळा म्हातारा म्हनलं, त्ये तुला गिळता आलं असतं की.’

‘व्हय.’

‘मग का न्हाय गिळलंस?’

‘आज तुमचं गिळलं असतं, तर उद्या त्यांचं बी गिळलं असतं. मग पोरांनी कुणावर इस्वास ठेवायचा?’

ते काठी टेकून उठले. मग विजयसिंहसाहेबांना म्हणाले, ‘हिनं गोड करून सांगटलं असतं, तर मी आजून आंधळाच ऱ्हायलो असतो. ही पायजे.’

विजयसिंहसाहेबांनी विचारलं, ‘पण वस्ताद, उंबऱ्याचं काय?’

‘उंबरा मोडायचा न्हाय. माज्या वस्तादाचा शबूद हाय त्यो.’ आणि मग काठीनं खिडकीच्या गजांवर टकटक केलं. ‘भित्ताड फोडा. हितनं दार काढा. मॅटवर यायला उंबरा वलांडायला नको आन् हौदा बी लागायचा न्हाय.’

मी हे रशियनमध्ये सांगितलं तेव्हा आपल्याला नीट समजलं ना, म्हणून बाकितसाहेबांनी आधी पुन्हा विचारून घेतलं. मग ते वस्तादांपुढं गेले, वाकले आणि त्यांनी बूट काढून हातात धरले. बोळाच्या चिखलात, अनवाणी! वस्ताद म्हणाले, ‘आरं, हितं घाल की बाबा, ह्यो बोळ हाय.’ सगळे हसले. मीही हसले, पण डोळ्यांना पदर लावून.

वर्षाची नोकरी पक्की झाली. कागद हातात आहे. भिंत येत्या रविवारी सकाळी फोडणार. हे कळवण्यासाठी लिहिलंय. बोलावणं म्हणून नव्हे, तुम्ही तसं समजू नका.

क्रांती


कोल्हापूर, ९ ऑक्टोबर २०२५

आप्पा,

रविवारी तुम्ही आलात. बोलावणं नव्हतं तरी आलात. माझ्याकडं न बघता, डोक्याला पटका बांधून, पहिल्या एस.टी.नं.

मी बनाबाईंच्या दारात उभी होते. तुम्ही आधी वस्तादांचे पाय धरलेत. ते म्हणाले, ‘हंबीरा, म्हातारा झालास की रं.’ तुम्ही म्हणालात, ‘तुमच्यापेक्षा कमीच.’ गवंड्यानं भिंतीवर दाराची खूण केली होती, साध्या घराला असतं तेवढं दार. तुम्ही तळहातानं ती पुसलीत आणि दोन वीत खाली नवी ओढलीत. गवंडी म्हणाला, ‘पावणं, डोस्कं आपटंल की मानसाचं.’ तेव्हा तुम्ही जे बोललात ते त्याच्याशी बोललात, माझ्याशी नाही. पण मी गावचा भोंगा असले तरी कानही तसेच लांबचं ऐकणारे आहेत.

‘तालमीत पैलवान वाकून जातो. म्होरलं दार बी ठेंगणंच हाय. ही बी तालमीचीच हाय.’

मग तुम्ही त्याच्या हातातला घण घेतलात. पहिल्या घावाला भिंत हलली आणि पोरं ‘दावाय, दावाय’ ओरडायला लागली. हा बाकितसाहेबांचा शब्द, म्हणजे चल, होऊ दे. आता सगळ्या तालमीच्या तोंडी बसलाय. वीट पडली तेव्हा मला बनाबाईंनी धरून ठेवलं होतं. त्या म्हणत होत्या, ‘आगं, जा की बापाकडं!’ मी हलले नाही. तुम्हीही वळला नाहीत. काय माणसं आहोत आपण!

यापुढचं तुम्हाला अर्धंच ठाऊक आहे, कारण तुम्हाला रशियन येत नाही. म्हणून हे पत्र.

बाकितसाहेबांनी मला विचारलं होतं, हा कोण पैलवान? मी म्हटलं, माझे वडील. ते धावतच तुमच्याकडं आले आणि दोन्ही हातांनी तुमचा हात धरला. तुम्हाला त्यांच्याशी बोलायचं होतं आणि माझ्याशी बोलायचं नव्हतं, आणि मधे तर मीच उभी. तुम्ही समोरच्या विजेच्या खांबाकडं बघत म्हणालात, ‘पावणं, हिचं काम बरं हाय न्हवं?’

मी रशियनमध्ये विचारलं, माझं काम बरं आहे ना? साहेब म्हणाले, ‘मी बऱ्याच देशांत शिकवलं. दुभाषे माझं बोलणं सभ्य करून सांगतात आणि पोरं हरतात. ही मी ओरडतो तशी ओरडते. अशी मला आजवर मिळाली नव्हती.’ हे सगळं मी तुम्हाला मराठीत सांगितलं, स्वतःच्याच तोंडानं, एक शब्द कमी न करता. लाजले नाही. लाजून कमी सांगितलं असतं तर तेही खोटंच झालं असतं.

तुम्ही मिशीवर हात फिरवलात. मग खांबालाच म्हणालात, ‘मग सांगा तिला, दिवाळीला घरला ये म्हनावं.’

मी ते साहेबांना सांगितलं. साहेबांनी माझ्याकडं बघितलं, तुमच्याकडं बघितलं आणि त्यांना सगळं कळलं. त्या माणसानं चेहऱ्यावरची रेषही हलू दिली नाही. माझ्याकडं वळून रशियनमध्ये गंभीरपणे म्हणाले, ‘क्रांती, तुझे वडील म्हणतात, दिवाळीला घरी ये.’ मी त्यांना उत्तर दिलं. ते ऐकताना त्यांनी मान खाली घातली आणि ते म्हणाले, हे तूच सांग त्यांना. तेवढ्यात वस्ताद स्टुलावरून ओरडले, ‘आरं, काय चाललंय ह्ये! बाप हितं, लेक हितं आन् निरोप किर्गिझस्तानला जाऊन येतोय!’ सगळा बोळ हसला आणि त्या हसण्यात मी तुम्हाला म्हटलं, ‘येते म्हणते.’ तुम्ही मान हलवलीत, पटक्यानं तोंड पुसलंत आणि एस.टी.ला निघालात.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी वाकून त्या दारातून आत गेले. साहेबांच्या शेजारी, मॅटच्या कडेला उभी राहिले. पोरांनी जागा करून दिली, राजवीरनं मान लववली आणि काम सुरू झालं.

पण एक गोष्ट राहिलीय. साहेबांना जनावर आणि वस्तादांना आंधळा, सगळं मी जसंच्या तसं पोचवलं. विजयसिंहसाहेबांनी विनवलं तरी एक शब्द बदलला नाही, आणि त्याचा मला अभिमान आहे. रविवारी मात्र मी एका वाक्याचं भाषांतर तोकडं केलं. माझ्या स्वतःच्या. बाकितसाहेबांना मी जे बोलले ते ‘येते’ एवढंच नव्हतं. ते आज दुरुस्त करून पाठवते. पूर्ण वाक्य असं होतं:

‘त्यांना सांगा, मी येणारच. माझं काम मी कुणापुढं लहान करणार नाही, त्यांच्यापुढंही नाही. पण घर सोडल्या दिवसापासून रोज, फोन वाजला की मी आधी त्यांचंच नाव शोधते.’

तुमची,
क्रांती